प्रकल्प पूर्ण झाला म्हणजे नेमका किती झाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात परवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रकल्प प्रदर्शनाची बातमी आली. फोटोत डावीकडच्या टेबलामागे जी चार मुलं उभी आहेत, ती आमची. आमची म्हणजे त्यांनी जे सॉफ्टवेअर केलं ते आमच्या दुकानासाठी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात, हिशेब लिहिते. बातमीत त्या प्रकल्पाला ‘शेतकऱ्यांच्या पट्टीचा प्रश्न कायमचा सोडवणारे ॲप’ म्हटलं आहे. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या रकमेतून खर्च आणि उचल वजा करून शेतकऱ्याला दिला जाणारा हिशेबाचा कागद. ते वाचून दुकानात जरा हशा झाला, कारण त्या सकाळी मी पट्ट्या हातानंच लिहीत होते.

मुलांची टिंगल करायला हे पत्र लिहीत नाही. पोरं गुणी आहेत, कामसू आहेत आणि जे त्यांनी केलं त्यातलं बरंचसं आजही दुकानात चालतं. माझं म्हणणं आहे ते त्यांच्याकडून शेवटचा प्रगती अहवाल ज्या तऱ्हेनं लिहून घेतला जातो, त्याबद्दल. तो अहवाल मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बाहेरच्या माणसानं तो वाचायची बहुधा पद्धत नसावी, कारण मी मागितला तेव्हा मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

आधी मूळ गोष्ट सांगते. आमच्या शेठजींचं जुनं ऑफिस गणपती पेठेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फुटांना लागते, म्हणजे पेठेची काय गत झाली असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. कपाटाच्या खालच्या खणांतल्या चोपड्यांचा लगदा झाला. पानं सुटी करून, मध्ये रद्दी घालून आम्ही त्या गच्चीवर वाळवल्या, पण शाई पसरली ती पसरलीच. कुणाला किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली होती ते मग शेतकऱ्यांनाच विचारून पुन्हा लिहावं लागलं. बहुतेकांनी खरं सांगितलं, हेही इथं नोंदवून ठेवते.

तेव्हापासून शेठजींच्या डोक्यात कॉम्प्युटर होता. अडतीची तयार पॅकेजं बाजारात मिळतात, पण शेठजींना दरवर्षीचं भाडं नको. अशात त्यांच्या एका नातेवाइकाकडून कळलं, की कॉलेजची मुलं प्रकल्प म्हणून फुकट करून देतात. फुकट म्हटल्यावर शेठजी हो म्हणाले. मीही हो म्हणाले, पण मला एकच हवं होतं. पुन्हा पाणी आलं तर हिशेब कोरडा राहिला पाहिजे.

चौघं ऑगस्टमध्ये आली. एक मुलगी भिलवडीकडून रेल्वेनं येणारी, एक मुलगा कऱ्हाडचा, एकाच्या घरी स्वतःची हळद, आणि चौथी सांगलीचीच. महाविद्यालयाचं वर्ष आणि हळदीचं वर्ष यांचं अजिबात जमत नाही, हे आम्हा कुणाच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मुलांना विषय मिळतो पावसाळ्यात. तेव्हा यार्डात हळदीची आवक नावाला. दिवाळीपर्यंत आराखडे, मग परीक्षा, मग संक्रांतीनंतर खरं काम. आमच्याकडे नवा माल यायला लागतो साधारण फेब्रुवारीत आणि मार्च-एप्रिलला श्वास घ्यायला सवड नसते. नेमकं तेव्हाच मुलांचं ‘फायनल’. म्हणजे सहा महिने त्यांचा प्रोग्राम ‘ए बी सी’, ‘टेस्ट वन’ असल्या नावाच्या शेतकऱ्यांवर चालला. त्या शेतकऱ्यांची पोती सगळी सारख्या वजनाची, दर गोल हजारातले, उचल कुणी घेतलेली नाही. असे शेतकरी असते तर मला दुकानात कुणी ठेवलंच नसतं.

खरी पट्टी पहिल्यांदा केली तेव्हा काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण अख्ख्या प्रकल्पात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं आणि अहवालात त्याचा उल्लेख नाही. शेतकरी ओळखू येऊ नये म्हणून आकडे बदलले आहेत, पण अपूर्णांक तसेच ठेवले आहेत. एकाच शेतकऱ्याचा तीन प्रकारचा माल, दर क्विंटलचे. हळकुंड ४ क्विंटल ३७ किलो, दर १४,३५०. गड्डा ३ क्विंटल ११ किलो, दर १३,८५०. कणी १ क्विंटल २३ किलो, दर १२,६५०. आता गुणाकार करा. ६२,७०९ रुपये ५० पैसे, ४३,०७३ रुपये ५० पैसे आणि १५,५५९ रुपये ५० पैसे. मी तिन्ही रकमा पैशांसकट मिळवते आणि शेवटी एकदाच रुपयात आणते. १,२१,३४२ रुपये ५० पैसे, म्हणजे १,२१,३४३. कॉम्प्युटर म्हणाला १,२१,३४४.

एक रुपया जास्त. हळदवाल्या घरातला मुलगा म्हणाला, “काकू, शेतकऱ्याला फायदाच की ओ.” मी म्हटलं, बाळा, हा रुपया शेठजींच्या खिशातनं जाईल त्याचं मला काही नाही, पण पट्टी एक म्हणते आणि खतावणी, म्हणजे खातेवही, दुसरं म्हणते असं झालं तर मार्चअखेरीला माझा ताळेबंद जुळायचा नाही. मग शोधल्यावर सापडलं, की प्रोग्राम प्रत्येक कलमाला वेगळं रुपयात आणत होता. तीन अर्धे रुपये तीनदा वर गेले. ते दुरुस्त झालं. पुन्हा चालवलं, तर आता १,२१,३४२. एक रुपया कमी!

चौघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्या वेळी समोर काट्यावर पोती पडत होती, हमालमामा आकडे ओरडत होते आणि ही चार डोकी एका लॅपटॉपवर वाकलेली. भिलवडीच्या मुलीनं शेवटी शोधून काढलं. त्यांनी ज्या पायथन भाषेत लिहिलं होतं, तिच्यात ‘राउंड’ म्हटलं की बरोबर मध्यावर असलेली रक्कम वर जात नाही, जवळच्या सम संख्येकडे जाते. १,२१,३४२ आणि १,२१,३४३ यांत सम पहिली, म्हणून खाली आली. ही चूक नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. अर्धा दर वेळी वरच ढकलला तर हजारो बेरजांत रक्कम हळूहळू फुगते. ती फुगू नये म्हणून कधी वर, कधी खाली. ऐकून मला त्या भाषेबद्दल आदरच वाटला. पण यार्डात पन्नास पैसे म्हणजे वरचा रुपया, हा इथला शिरस्ता आहे आणि आमच्या पट्टीला तोच लागतो. मुलीनं तसा वेगळा नियम लिहिला. त्याच बैठकीत सगळ्या रकमा पैशांत, पूर्ण आकड्यांत ठेवायचंही ठरलं, कारण कॉम्प्युटरला दशांश अपूर्णांक नीट धरता येत नाहीत. ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगितले की पायथन ०.३ च्या शेपटीला पुढं बरीच शून्यं देऊन एक ४ चिकटवतो, हे तिनं मला तिथंच करून दाखवलं. इतकी वर्षं बेरजा करत असून मला हे ठाऊक नव्हतं.

आता काळ्या पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या त्या अहवालात ‘टेस्टिंग’ नावाचं प्रकरण आहे. त्यात मोठा तक्ता आहे. लॉगिन बरोबर दिलं तर आत जातो का, पास. लॉगिन चुकीचं दिलं तर अडवतो का, पास. पट्टीची बेरीज बरोबर येते का, पास. खालपर्यंत सगळं पास. रुपयाची ती गोष्ट, जिच्यात ही मुलं खऱ्या अर्थानं इंजिनिअर झाली असं मला वाटलं, ती कुठंच नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, “काकू, फेल लिहिलं की बाहेरचे परीक्षक त्याच्यावरच धरतात.”

हे एक. दुसरं त्याहून गमतीचं. अहवालाच्या शेवटी ‘फ्युचर स्कोप’ नावाचं एक प्रकरण असतं, म्हणजे पुढं काय काय करता येईल. त्यात लिहिलंय की भविष्यात शेतकऱ्यांना एसएमएस पाठवण्याची सोय वाढवता येईल. अहो, पण ती तर ऑगस्टमध्ये दिलेल्या आराखड्यात पहिल्या पानावर होती! कबूल केलेलं आणि न झालेलं काम भविष्याच्या पानावर गेलं, की ते अपुरं दिसत नाही, महत्त्वाकांक्षी दिसतं. ज्यानं पहिला आराखडा बघितलेला नाही त्याला हे कळायचं कारण नाही. आणि शेवटच्या तोंडी परीक्षेला पहिला आराखडा कुणी शेजारी उघडून ठेवत नाही.

एसएमएस का झाला नाही, याचं कारण अगदी सरळ आहे आणि त्यात मुलांचा काडीचा दोष नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे व्यापारी एसएमएस पाठवायचा तर मोबाइल कंपन्यांच्या ‘डीएलटी’ नावाच्या ऑनलाइन नोंदवहीत पाठवणाऱ्याची, त्याच्या संक्षिप्त नावाची आणि मजकुराच्या साच्याचीसुद्धा नोंद लागते. ती दुकानाच्या कागदपत्रांवर, दुकानाच्या नावानं, पैसे भरून करावी लागते. नियम चांगलाच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्या नावानं बँकेचे मेसेज पाठवेल. विद्यार्थ्यांच्या हातातलं ते काम नव्हतं. पण हे एवढं तीन ओळींत अहवालात आलं असतं, तर पुढच्या वर्षीच्या मुलांचे दोन महिने वाचले असते. आता तेही आराखड्यात पहिल्या पानावर एसएमएस लिहिणार.

तिसरी गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम लिहिते. आमच्याकडं सातारा जिल्ह्यातलाही माल येतो. एका शेतकऱ्याच्या नावापुढं तालुका ‘कऱ्हाड’ असा मी माझ्या मोबाइलवरून भरला. पुढं त्याच माणसाची आवक मुलांनी लॅपटॉपवरून भरली, तालुका ‘कऱ्हाड’. दिसायला तंतोतंत एक. पण प्रोग्रामनं त्याची दोन खाती उघडली. उचल एका खात्यात, पट्टी दुसऱ्यात, आणि पट्टीतून उचल वजा न होता पूर्ण रक्कम निघाली. चेक लिहिताना माझ्या लक्षात आलं म्हणून बरं. कारण असं, की तो रफार नसलेला, डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळंच अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर फरक शून्य, पण शोधताना यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या सामाईक संकेतांत, अक्षरं सारखी करून घ्यायचे जे ठरीव नियम आहेत, त्यांत ही जोडी बसत नाही, ते स्वतः लिहावं लागतं. कऱ्हाडच्या मुलाला हे कळल्यावर तो म्हणाला, “माझ्याच गावानं दगा दिला!” पण तोवर अहवाल बाइंडिंगला गेला होता. आज आमच्याकडं अशी खाती मी डोळ्यांनी शोधते.

हा दोष कुठल्या पानावर आहे? कुठल्याच नाही. ‘फ्युचर स्कोप’मध्ये मात्र मशीन लर्निंग वापरून हळदीच्या भावाचा अंदाज, असं आहे. तो अंदाज ज्या दिवशी येईल त्या दिवशी मीच दुकान काढीन!

प्रगतीच्या टक्क्यांबद्दलही बोलायला हवं. फेब्रुवारीपासून मुलं दर भेटीत सांगायची, नव्वद टक्के झालं. मार्चमध्येही नव्वद. एप्रिलमध्ये मी विचारायचं सोडलं. तेव्हा सांगलीच्या मुलीनं मला एक गंमत सांगितली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले टॉम कारगिल यांच्या नावावर एक वचन आहे, १९८५ मध्ये ते छापून आलं. पहिलं नव्वद टक्के काम ठरलेल्या वेळातला नव्वद टक्के वेळ खातं आणि उरलेलं दहा टक्के काम आणखी नव्वद टक्के वेळ खातं. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीही जाणती माणसं इथंच अडकत होती. मग आपण विशीतल्या मुलांकडून टक्के कशाला मागतो? अहवालात ‘अ‍ॅजाईल’ पद्धतीनं काम केलं असं ठासून लिहिलंय. ती पद्धत म्हणजे थोडं थोडं चालतं करून दाखवत पुढं जायचं. ती मांडणारा जाहीरनामा २००१ चा, आणि त्याच्या तत्त्वांत हे स्पष्ट आहे की प्रगतीचं मुख्य माप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर. माप चालण्याचं, आणि आपण मोजतो पानं.

चार जणांत कुणी किती केलं, हाही नाजूक विषय आहे. अहवालात सगळीकडं ‘आम्ही’. मी जे पाहिलं त्यात कोडचा मोठा भार भिलवडीच्या मुलीनं उचलला. पण हळदवाल्या मुलानं घरून आणलेल्या जुन्या पट्ट्यांशिवाय तिला तोलाई आणि हमाली कुठं वजा होते ते कळलं नसतं. सांगलीची मुलगी फक्त स्लाइड करते असं बाकीचे चिडवायचे. माझ्याजवळ बसून प्रत्येक बटणाचं नाव मराठीत लावून घेतलं ते तिनंच, म्हणून तर ते आज मी वापरू शकते. कोडमध्ये कुणी काय बदललं ते गिट नावाची प्रणाली नोंदवते, पण हे सगळं त्यांच्या गिटमधल्या नोंदींत येत नाही आणि अहवालातही येत नाही. मार्कं चौघांना सारखी मिळाली असतील तर मला आनंदच आहे. पण कुणी काय केलं याचं एक प्रामाणिक पान त्यांना पुढं नोकरीच्या मुलाखतीत जास्त कामाला आलं असतं.

आता शेवटच्या दिवसाबद्दल. कॉलेजातलं सादरीकरण झाल्यावर चौघं दुकानात पेढे घेऊन आली. मी म्हटलं, पेढे राहू देत, आधी मला सांगा काय चालतं, काय अर्धं चालतं, काय चालत नाही. भिलवडीच्या मुलीनं वही काढली आणि तिथंच पोत्यावर बसून लिहायला घेतलं. आवक नोंद चालते. खतावणी चालते. पट्टीचा हिशेब चालतो, पण छपाई अर्धी, कारण आमच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी मजकूर चित्र म्हणून छापला जातो आणि एक पट्टी निघायला इतका वेळ लागतो की गर्दीत शेतकरी उभा राहत नाही. म्हणून सीझनला पट्ट्या हातानं. दुबार खाती सापडत नाहीत. एसएमएस नाही. मग मी माझा मूळ प्रश्न विचारला, बॅकअप कुठं जातो? अहवालात लिहिलंय, ‘क्लाउड’वर. कुणाच्या? कऱ्हाडच्या मुलाच्या स्वतःच्या खात्यावर, त्याच्या ईमेलवर, फुकट योजनेत. आणि तो तर जूनमध्ये पुण्याला हिंजवडीत रुजू होणार. उद्या तो पासवर्ड विसरला किंवा कंपनीनं फुकट योजना गुंडाळली, तर आमच्या चोपड्या पाण्याशिवायच बुडाल्या. माझी ही भीती उगाच नाही. शेजारच्या गाळ्यात आधीच्या एका तुकडीनं केलेलं ॲप होतं, ते असंच एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर ठेवलेलं. २०२२ च्या अखेरीस ती फुकट योजना बंद झाली आणि एके सकाळी ॲप उघडेना. मुलं पास होऊन पांगलेली, फोन लागले पण कोड कुणाकडं आहे तेच ठरेना.

आमच्या चौघांनी त्याच संध्याकाळी दुकानाच्या नावानं ईमेल काढून सगळं त्यावर आणलं, कोडसकट, आणि एक प्रत शेठजींच्या घरी पेन ड्राइव्हवर. काम तासाभराचं. पण मी विचारलं नसतं तर ते झालं नसतं, कारण गुणपत्रकात त्याला रकाना नाही.

वहीतली ती पानं आणि काळ्या पुठ्ठ्यातला जाडजूड अहवाल, दोन्ही माझ्या टेबलावर आहेत. एकाच प्रकल्पाचे दोन शेवटचे अहवाल. मार्कं मिळाली ती जाडजूड अहवालाला. दुकान चालतं वहीतल्या पानांवर.

आमच्या धंद्यात ३१ मार्चला जी बाकी निघते ती १ एप्रिलला नव्या वहीत पहिल्या ओळीवर लिहावी लागते, ती येणं असो की देणं. कुणी दरवर्षी शून्यापासून वही सुरू केली तर त्याला आम्ही व्यापारी म्हणणार नाही. महाविद्यालयांत मात्र नेमकं तेच चालतं. मी मुलांना म्हटलं, तुमच्या मागून येणारी पुढच्या वर्षीची मुलं हेच पुढं नेतील ना? तर त्यांना सांगितलं गेलंय, की झालेला विषय पुन्हा घेता येत नाही, विषय नवा पाहिजे. म्हणजे पुढच्या तुकडीनं दुसरं दुकान शोधायचं, तिथं पुन्हा लॉगिन करायचं, पुन्हा रुपयावर अडायचं, पुन्हा नव्वद टक्क्यांवर थांबायचं. आणि आमचं दुबार खात्यांचं दुखणं तसंच. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचून दुरुस्त करणं, हेच तर नोकरीत बहुतेकांना करावं लागतं, असं माझा पुण्यात या क्षेत्रात असलेला भाचा सांगतो. मग तेवढंच कॉलेजात का शिकवू नये?

प्राध्यापकांवर मी राग काढत नाही. त्यांच्याकडं किती तुकड्या असतात, त्यांना विद्यापीठाचा, मान्यतेचा किती कागद भरावा लागतो, हे मी ऐकून आहे. नमुना ठरलेला, प्रकरणं ठरलेली, पानांची समास-मोजणीसुद्धा ठरलेली. पण त्या नमुन्यात एक पान वाढवणं काही अवघड नाही. मराठीत, वापरणाऱ्याच्या भाषेत, काय चालतं, काय अर्धं आहे, काय राहिलं आणि का राहिलं, कुलपं-किल्ल्या कुणाकडं आहेत. त्यावर प्राध्यापकांच्या आधी वापरणाऱ्याची सही घ्यावी. आणि ‘राहिलं’च्या रकान्यात काही लिहिलं म्हणून मार्क कापू नयेत, उलट तो रकाना कोरा असेल तर परीक्षकांनी संशय घ्यावा. ‘फ्युचर स्कोप’ हवं तर ठेवा, पण कबूल करून न झालेलं त्यात घालायला बंदी करा.

संपादक महाराज, थोडं आपल्याकडंही. प्रदर्शनाचे फोटो जरूर छापा, मुलांना हुरूप येतो, घरच्यांनी ते कात्रण जपून ठेवलेलं असतं. पण ‘प्रश्न कायमचा सोडवला’ असं लिहिण्याआधी ज्याचा प्रश्न होता त्याला एक फोन करावा. आणि जमलं तर दिवाळीनंतर त्याच यादीतली दोन-चार नावं काढून वार्ताहराला पाठवा, यातलं आज काय चालू आहे ते बघायला. ती बातमी मी जास्त आवडीनं वाचेन. आमच्याकडं आलात तर खतावणी चालू दिसेल, हे खात्रीनं सांगते.

शेवटी एक सूचना, सांगली-सातारा भागातल्या ज्या कुठल्या महाविद्यालयाला जुना विषय पुढं न्यायला चालत असेल त्यांच्यासाठी. श्रावणात आमच्याकडं माल नसतो, बोलायला भरपूर वेळ असतो, तेव्हा मुलं पाठवावीत. कोड दुकानाच्या खात्यावर आहे, वहीतल्या पानांची झेरॉक्स देऊ. पहिलं काम दुबार खात्यांचं घ्यावं आणि त्यासाठी ‘ए बी सी’ नको, खरी नावं मी बसून सांगेन. दुसरं छपाईचं, त्याला शेठजी नवा प्रिंटर घ्यायला तयार झाले आहेत. एसएमएसच्या मागं मात्र डीएलटीची नोंदणी हातात पडेपर्यंत लागू नये. ते कागद मी जूनमध्ये करून ठेवते.

आपली,
अडत दुकानातली एक हिशेबनीस,
मार्केट यार्ड, सांगली